गृहकर्ज थकले, कलम १३(२) ची नोटीस आली : घर वाचवण्याचे कायदेशीर मार्ग कोणते?

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. आम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो. २०१९ मध्ये एका बँकेकडून ३८ लाखांचे गृहकर्ज काढून आम्ही सदनिका घेतली. सदनिका आणि कर्ज दोन्ही माझ्या व माझ्या यजमानांच्या संयुक्त नावावर आहेत. यजमान चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होते. गेल्या वर्षी ती नोकरी गेली, त्यानंतर बरेच महिने घर एकट्या माझ्या पगारावर चालले आणि आता त्यांना पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी पगाराचे काम मिळाले आहे. या काळात गृहकर्जाचे पाच हप्ते थकले. हप्ता ३३ हजारांचा आहे. मागच्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने बँकेची नोटीस आली. सरफेसी कायदा म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकून कर्ज वसूल करू देणारा कायदा. त्याच्या कलम १३(२) खालील या नोटिशीत थकलेले पाच हप्ते नव्हे, तर संपूर्ण ३४ लाख २० हजार रुपये ६० दिवसांत भरा, अन्यथा मालमत्तेचा ताबा घेतला जाईल, असे लिहिले आहे.

केवळ गृहकर्ज असते तर कदाचित मार्ग काढता आला असता. परंतु सुरुवातीचे हप्ते चुकू नयेत म्हणून आम्ही सहा लाखांचे वैयक्तिक कर्ज घेतले, क्रेडिट कार्डांवर जवळपास तीन लाख चढले, पतसंस्थेकडून तीन लाख उचलले (त्याला माझे दीर जामीन आहेत) आणि शेवटी ओळखीच्या एका गृहस्थाकडून दरमहा पाच टक्के व्याजाने दोन लाख घेतले. त्यांनी सही केलेले कोरे धनादेश ठेवून घेतले आहेत. आज आम्हा दोघांचे मिळून महिन्याला ६८ हजार येतात आणि सर्वांचे हप्ते एकत्र केले तर तेवढ्यात घरखर्चाला काहीच उरत नाही.

माझे मावसभाऊ न्यू जर्सीला असतात. तिथे दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला की घराचा लिलाव त्याच क्षणी थांबतो, असे ते सांगतात. आपल्याकडे तशी सोय आहे का? बँक ६० दिवसांनी खरोखर कुलूप लावते का? न्यायालयात जाता येते का? आणि या सगळ्यात तुरुंगात जावे लागू शकते का, ही भीती यजमानांना रात्री झोपू देत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, बँकेच्या नोकरीतील बराच काळ मी थकीत खात्यांच्या विभागात काढला आहे, म्हणून बँकेच्या बाजूने हे प्रकरण कसे दिसते ते आधी सांगतो.

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए होते आणि त्यानंतरच १३(२) ची नोटीस काढता येते. नोटिशीत संपूर्ण कर्ज मागितलेले असते, कारण कायद्याच्या दृष्टीने बँकेने कर्ज परत मागितलेले असते. पण तुमच्या दृष्टीने आज महत्त्वाचा आकडा ३४ लाखांचा नाही, थकबाकीचा आहे. पाच हप्त्यांचे १ लाख ६५ हजार, त्यावरील दंडात्मक शुल्क आणि नोटिशीचा वगैरे खर्च मिळून जी रक्कम होईल, ती पूर्ण भरली तर खाते पुन्हा नियमित वर्गात येऊ शकते. येथे 'पूर्ण' हा शब्द जपून वाचा. १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले आहे की, मुद्दल आणि व्याज यांची सगळी थकबाकी भरल्याशिवाय एनपीए खाते नियमित करता येत नाही. अनेक कर्जदार दर महिन्याला एक-दोन हप्ते भरत राहतात आणि आता बँक थांबेल असे समजतात, पण थकबाकीची शेपटी शिल्लक असेपर्यंत खाते एनपीएच राहते आणि पुढची कारवाई चालूच राहते. तेव्हा शाखेत न जाता नोटिशीवर ज्यांची सही आहे त्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना भेटा, थकबाकीचा नेमका आकडा लेखी मागा आणि तेवढी रक्कम भरल्यास नोटीस मागे घेऊ, असे त्यांच्याकडून लेखी घ्या. बहुतेक बँका याला तयार होतात, कारण ताबा आणि लिलाव त्यांनाही नको असतो. मात्र कर्ज एकदा परत मागितल्यावर हा तुमचा हक्क उरत नाही, म्हणून तोंडी आश्वासनावर पैसे भरू नका.

खाते नियमित झाल्यानंतर हप्ता कमी करून मुदत वाढवून मागता येते. तुमचे आणि यजमानांचे वय किती, निवृत्तीला किती वर्षे उरली, यावर ते ठरेल. खात्याचा संपूर्ण उतारा मागून घ्या आणि त्यात दोन गोष्टी तपासा. पहिली, दंड कसा लावला आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार थकबाकीवर दंडात्मक व्याज लावता येत नाही, फक्त शुल्क लावता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आणि जुनी कर्जेही त्यानंतर लवकरच त्या नियमाखाली आली. दुसरी, व्याजदर वाढत गेला तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत परस्पर वाढवली गेली आहे का, हे पाहा.

आता कोणाला आधी पैसे द्यावेत याबद्दल स्पष्ट सांगतो. क्रेडिट कार्डवाल्यांचे फोन सर्वांत जास्त येतात, म्हणून माणसे त्यांना आधी देतात आणि गृहकर्ज मागे पडते. हा क्रम उलटा हवा. कार्ड आणि वैयक्तिक कर्ज विनातारण असते. त्यासाठी कोणी थेट तुमच्या घराला हात लावू शकत नाही, त्याला आधी दिवाणी न्यायालयाचा किंवा लवादाचा निवाडा मिळवावा लागतो. गृहकर्जवाल्या बँकेला मात्र न्यायालयाची पायरी न चढता घर विकता येते. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. त्याचे उल्लंघन झाल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणखी एक गोष्ट. तुमचे पगाराचे खाते आणि वैयक्तिक कर्ज एकाच बँकेत असेल तर पगार दुसऱ्या बँकेत घेण्याची व्यवस्था करा, कारण बँक त्या खात्यातून परस्पर वळती करून घेऊ शकते.

एकरकमी तडजोडीची, म्हणजे ओटीएसची, फार आशा धरू नका. तारण घराची किंमत येणे रकमेपेक्षा जास्त असेल तर बँक मुद्दलात सूट का देईल? शिवाय तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बिजनौर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या प्रकरणात २०२१ मध्ये सांगितले आहे. कार्ड आणि वैयक्तिक कर्जाच्या बाबतीत तडजोड बऱ्यापैकी शक्य असते, पण पतअहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते. घर टिकत असेल तर मी तो शेरा पत्करला असता.

पुणे_वकील

मी कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत काम करतो. वरील प्रतिसाद योग्य आहे. त्याला कायद्याची बाजू जोडतो आणि मूळ प्रश्नांची उत्तरे देतो.

६० दिवस संपले की दुसऱ्या दिवशी कुलूप लागते, असे होत नाही. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. कलम १३(३अ) नुसार तुम्हाला नोटिशीवर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. ही हरकत म्हणजे विनवणीचे पत्र नव्हे. एनपीएची तारीख चुकली आहे का, भरलेला एखादा हप्ता जमा दाखवलेला नाही का, दंडावर व्याज लावले आहे का, दोन्ही कर्जदारांना नोटीस बजावली आहे का, हे मुद्दे तारखा आणि आकड्यांसह लिहा आणि त्याच पत्रात थकबाकी भरून खाते नियमित करण्याचा ठोस प्रस्तावही द्या. बँकेचे उत्तर प्रतिकूल आले तरी केवळ त्यावर डीआरटीत जाता येत नाही. मात्र उत्तरच न देता बँक पुढे गेली असेल तर तो मुद्दा नंतर न्यायाधिकरणापुढे तुमच्या बाजूने उभा राहतो. पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद देऊ नका.

६० दिवसांनंतर बँक कलम १३(४) खाली बहुधा आधी सांकेतिक ताबा घेते. दारावर नोटीस चिकटवली जाते आणि सात दिवसांत ती दोन वृत्तपत्रांत छापली जाते, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. शेजाऱ्यांना कळण्याची नामुष्की याच टप्प्यावर येते आणि पुष्कळ कुटुंबे येथे खचून जातात. पण तुम्ही अजून घरातच राहत असता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते. तेथे तुमचे म्हणणे ऐकून वाद मिटवला जाईल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ते काम प्रशासकीय स्वरूपाचे मानले जाते. आदेश झाला की तहसीलदार किंवा नेमलेले आयुक्त पोलीस बंदोबस्तात येतात आणि सामानाची यादी करून ताबा बँकेकडे देतात.

न्यायालयात जाता येते, पण ठरावीक जागी आणि ठरावीक वेळेत. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा कलम ३४ ने बंद केलेला आहे. उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करू नये, आधी न्यायाधिकरणात जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सत्यवती टंडन प्रकरणापासून वारंवार बजावले आहे. राहिला कलम १७ खालील अर्ज. १३(४) ची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांत तो करावा लागतो. २००२ च्या मूळ कायद्यात या अर्जासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरण्याची अट होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली, त्यामुळे आज अर्ज दाखल करण्यासाठी रक्कम भरावी लागत नाही. पण स्थगिती मागितली की न्यायाधिकरण सहसा काही रक्कम भरण्याची अट घालते. आणि न्यायाधिकरण पाहते ते एवढेच, की बँकेने कायद्याची पायरी कोठे चुकवली आहे का. नोकरी गेली, आजारपण आले, ही कारणे माणूस म्हणून ऐकली जातात, पण त्यांवर कारवाई रद्द होत नाही. डीआरटीच्या निकालावर ३० दिवसांत अपील करता येते, मात्र त्यासाठी रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात आणि फार तर ती अट २५ टक्क्यांपर्यंत खाली येते. तुमच्या परिस्थितीत अपील हा कागदावरचाच मार्ग आहे, म्हणून जे काही मांडायचे ते पहिल्याच अर्जात पूर्ण मांडावे लागेल.

सर्वांत महत्त्वाचे आता लिहितो. पूर्वी लिलाव पूर्ण होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) प्रमाणे हा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या सप्टेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले. लिलावाच्या आदल्या दिवशी मामा, काका, सोने असे करून पैसे उभे करणारी कुटुंबे मी पाहतो, आणि तेव्हा पैसे हातात असूनही बँकेवर ते स्वीकारण्याचे बंधन राहिलेले नसते. विक्रीपूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पहिला लिलाव फसला तर पुढच्या वेळी १५ दिवसांची पुरते. तेव्हा आपले सगळे नियोजन लिलावाची तारीख धरून न करता ती नोटीस निघण्यापूर्वीचा काळ धरून करा.

दिवाळखोरीबद्दल. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत सामान्य व्यक्तींसाठी तिसरा भाग आहे, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू केला आहे. तुमच्या-माझ्यासारख्या पगारदारांना तो लागू झालेला नाही. त्यातील अगदी लहान कर्जदारांसाठीच्या 'नव्या सुरुवाती'च्या तरतुदीत तर स्वतःचे घर नसणे हीच एक अट आहे. म्हणून पुण्यात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि मुंबईत १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा चालतो. त्याखाली अर्ज करता येतो, विनातारण कर्ज देणाऱ्यांपासून काही संरक्षणही मिळू शकते, पण घर वाचवण्यासाठी त्याचा उपयोग नाही, कारण तारण असलेल्या धनकोचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा, आपले तारण विकण्याचा हक्क कलम २८(६) ने अबाधित ठेवला आहे. उलट तुमची इतर मालमत्ता न्यायालयाच्या ताब्यात जाते.

यजमानांना एवढे नक्की सांगा की कर्ज न फेडता येणे हा गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनाम्यासाठी अटक करायची तर कर्जदाराजवळ पैसे असून तो दुष्ट हेतूने देत नाही, हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले आहे. गुन्ह्याचा भाग येतो तो न वटलेल्या धनादेशाचा आणि हप्त्याच्या परत गेलेल्या ईसीएस आदेशाचा, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याच्या आदेशाचा. त्याची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत उत्तर द्या आणि न्यायालयाच्या तारखा चुकवू नका. वॉरंट निघते ते बहुधा गैरहजेरीमुळे.

एडिसनवासी

आपल्या मावसभावांचे म्हणणे येथील कायद्यापुरते बरोबर आहे. अमेरिकेत दिवाळखोरी संहितेच्या चॅप्टर १३ खाली अर्ज दाखल होताच वसुलीला आपोआप स्थगिती मिळते आणि शेरीफकडून होणारा घराचा लिलाव थांबतो. पण कर्ज माफ होत नाही. मागील थकबाकी तीन ते पाच वर्षांच्या योजनेत फेडावी लागते आणि त्याच वेळी चालू हप्ताही दरमहा भरावा लागतो. ते न जमल्यास स्थगिती उठते. शिवाय न्यू जर्सीमध्ये घरजप्ती न्यायालयामार्फतच होते, त्यामुळे येथे वेळही अधिक मिळतो. येथे मराठी मंडळींनी एकमेकांना दिलेला असा सल्ला भारतातील घराला लावता येणार नाही.

इंद्रायणीकाठ

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. यजमानांनीही सर्व वाचले. थकबाकी भरण्यासाठी माझे थोडे सोने आणि त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून गृहकर्जासाठी मिळणारी रक्कम असा विचार चालू आहे. पण त्यानंतर दरमहा ३३ हजार जमतील का, याची मला खात्री वाटत नाही. आमच्या इमारतीत अशाच सदनिका ५२ लाखांच्या आसपास विकल्या गेल्या आहेत. घर आपणच विकावे का, आणि नोटीस आल्यावर ते विकता येते का? शिवाय दिरांच्या जामिनकीची मोठी काळजी आहे. त्यांना अजून आम्ही काही सांगितलेले नाही.

डोंबिवलीकर

ताई, आम्ही आमचे घर बँकेच्या लिलावापूर्वी स्वतः विकले, म्हणून ती वाट कशी असते ते लिहिते.

१३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, अशी कलम १३(१३) ची तरतूद आहे. पण संमती मागितली तर ती मिळते, कारण बँकेला पैसेच हवे असतात. आम्ही प्राधिकृत अधिकाऱ्यांना पत्र देऊन विक्रीसाठी मुदत मागितली आणि सोबत दलालाचे पत्र व इमारतीतील अलीकडच्या विक्रीच्या सूची क्रमांक दोनच्या, म्हणजे नोंदणी कार्यालयाकडील दस्तनोंदीच्या उताऱ्याच्या, प्रती जोडल्या. खरेदीदार मिळाल्यावर बँकेकडून कर्ज पूर्ण बंद करण्याच्या रकमेचे पत्र, म्हणजे फोरक्लोजर लेटर घेतले. त्यावर ते किती तारखेपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते, ते नीट पाहावे. खरेदीदारही कर्ज काढणार होता, तेव्हा त्याच्या बँकेने आमच्या बँकेच्या नावाने थेट धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) दिला, उरलेली रक्कम आम्हाला मिळाली आणि मूळ दस्तऐवज आमच्या बँकेने त्यांच्या बँकेकडे दिले. बयाणा रोखीत घेऊ नका आणि गृहनिर्माण संस्थेची थकबाकी आधी फेडून ना-हरकत दाखला घेऊन ठेवा, कारण शेवटच्या आठवड्यात व्यवहार त्यावरच अडतो. नोटिशीची गोष्ट खरेदीदारापासून लपवू नका, वृत्तपत्रात आले की तो तसाही निघून जाईल.

दोन आकडे तुमच्यासमोर ठेवते. ५२ लाखांना घर गेले आणि बँकेचे ३५ लाखांच्या आत मिटले तर दलाली वगैरे वजा जाता साधारण १६ लाख हातात राहतात आणि तुमची बाकीची सगळी देणी त्यात फिटतात. लिलावात मात्र राखीव किंमत बाजारभावापेक्षा खाली असू शकते, बँकेचा सगळा खर्च तुमच्याच खाती पडतो आणि साडेनऊ टक्के धरले तरी ३४ लाखांवर दरमहा सुमारे २७ हजार व्याज चढत जाते. लिलावानंतर उरलेली रक्कम कर्जदाराला मिळते खरी, पण उरते किती, हे आपल्या हातात राहत नाही. भांडवली नफ्यावरील कराबद्दल व्यवहारापूर्वीच सनदी लेखापालांना विचारून घ्या.

भाड्याच्या घरात जाताना माझ्या सासूबाईंना फार लागले होते. पण दारावर नोटीस चिकटलेली त्यांना पाहावी लागली नाही, याचे मला आजही समाधान आहे.

सहकारमित्र

पतसंस्थेच्या कर्जाचा रस्ता वेगळा आहे. तेथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि तो मिळाला की विशेष वसुली अधिकारी कर्जदार आणि जामीनदार या दोघांच्याही मागे लागू शकतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, संस्थेने आधी तुमच्याकडून वसूल करावे असे तो म्हणू शकत नाही. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून दाखल्यासाठीच्या सुनावणीची नोटीस येईल तेव्हा दिरांनी आणि तुम्ही दोघांनीही हजर राहून हिशेबावर हरकत नोंदवायला हवी. दिरांना आजच सांगा. त्यांना हे त्यांच्या पगार खात्यावर टाच आल्यावर कळले तर पैशांपेक्षा नाते अधिक तुटेल. संस्थेच्या संचालकांशी बोलून हप्ते कमी करून घेणे किंवा एकरकमी परतफेड योजनेत बसणे येथे बँकेपेक्षा पुष्कळ सोपे असते. ही पतसंस्थेची गोष्ट झाली. कर्ज सहकारी बँकेचे असते तर त्या बँकेलाही सरफेसी वापरता आला असता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये तसा निकाल दिला आहे.

आता दरमहा पाच टक्केवाल्या गृहस्थांबद्दल. महिना पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही बिगरशेतकऱ्याला दिलेल्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या किंवा शहराच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. कोऱ्या धनादेशांचे क्रमांक, दिलेल्या व्याजाच्या तारखा, मोबाईलवरून पाठवलेल्या रकमांचे पुरावे आणि संदेश आताच एकत्र करून ठेवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या माणसाच्या नावे घराचे कोणतेही खरेदीखत, साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र करून देऊ नका, 'फक्त सुरक्षेसाठी' म्हणून मागितले तरीही नाही.

इंद्रायणीकाठ

दिरांशी आजच संध्याकाळी बोलतो. एक शेवटचा प्रश्न. वकिलांची फी देण्याची आमची स्थिती नाही. हरकतीचे पत्र आम्हीच लिहावे का? आणि विक्री व हरकत दोन्ही एकाच वेळी चालू ठेवता येते का?

पुणे_वकील

दोन्ही एकाच वेळी चालू ठेवावे. हरकतीच्या पत्रात हिशेबाचे मुद्दे लिहा, थकबाकी भरण्याची तारीख द्या आणि त्या तारखेपर्यंत न जमल्यास स्वतः विक्री करून संपूर्ण कर्ज फेडण्यासाठी कलम १३(१३) खाली संमती द्यावी, अशी पर्यायी विनंतीही त्याच पत्रात करा. त्याने हरकत दुबळी होत नाही. उलट पुढे कलम १७ चा अर्ज करावा लागलाच, तर तुम्ही पळ काढत नव्हता हे दिसते.

फीबद्दल निश्चिंत राहा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो आणि आपण स्वतः सहकर्जदार व सहमालक आहात. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तेथे अर्ज आपल्या नावाने करा. सोबत नोटिशीची प्रत आणि तिचा लिफाफा न्या, कारण ६० दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजले जातात आणि ती कधी निघाली व कधी हाती आली हे लिफाफ्यावरील टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येते. कर्ज मंजुरीचे पत्र, खात्याचा उतारा आणि सूची क्रमांक दोनही घ्या. हे काम याच आठवड्यात करा, म्हणजे बँकेच्या उत्तराचे १५ दिवस मोजूनही नोटिशीची मुदत संपायला पुरेसा अवधी उरेल.